खोक्यावरचा आकडा, आतला आकडा : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कारखान्यात कंट्रोल पॅनेल सांभाळतो. नात्यागोत्यात आणि बिल्डिंगमध्ये मात्र माझी ओळख ‘त्याला विचार, त्याला कळतं’ एवढीच. लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा हळूच मोबाइल पुढे सरकवतो. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहून काढली. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर भांडायला घर उघडं आहे.

एक टीबीची हार्ड डिस्क घेतली आणि कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतो. दुकानदाराने गंडवलं का?

नाही. कंपनी दहाच्या पाढ्याने मोजते आणि विंडोज दोनच्या. खोक्यावरचा एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट. विंडोजचा एक जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४. भागून बघा, ९३१च येतात. एकाच पोत्यातलं धान्य कुणी किलोत मोजलं, कुणी पायलीत, म्हणून दाणे कमी होत नाहीत. ही गल्लत मिटवायला १९९८ साली दोनच्या हिशोबासाठी किबीबाइट, मेबीबाइट अशी वेगळी नावं काढली गेली. ती कुणाच्या तोंडी बसलीच नाहीत. मॅकवाल्यांनी २००९पासून दहाचा हिशोब धरला, त्यामुळे तीच डिस्क तिथे पूर्ण एक टीबी दिसते.

खरी फसवणूक वेगळीकडे असते. रस्त्यावर चारशे रुपयांत ५१२ जीबीचा पेन ड्राइव्ह मिळतो ना, त्यातली चिप १६ जीबीची असू शकते. आतला कंट्रोलर कॉम्प्युटरला बिनदिक्कत ५१२ सांगतो आणि कॉम्प्युटर विश्वास ठेवतो, त्याला दुसरा मार्गच नाही. सोळा भरले की पुढच्या फाइली जुन्यांच्या डोक्यावर बसतात. नावं सगळी दिसतात, उघडत मात्र बऱ्याच नाहीत. मला हे माहीत होतं, तरी एकदा फुटपाथवरून घेतला आणि भाच्याच्या मुंजीचे फोटो त्यात टाकले. ताई अजून काढते तो विषय. नवा ड्राइव्ह आला की आधी तो काठोकाठ भरा, फाइली उघडून बघा, मगच त्यात जीव अडकेल असं काही ठेवा.

नेट १०० एमबीपीएसचं आहे, पण डाउनलोड १२च्या वर जात नाही.

कनेक्शन बिटमध्ये विकतात, डाउनलोड बाइटमध्ये दाखवतात. आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागा, साडेबारा. तुमचं नेट उत्तम चाललंय. आता राउटर टीव्हीच्या मागच्या कपाटातून बाहेर काढा.

दहा हजार एमएएचची पॉवर बँक आहे, फोन पाच हजारचा. मग दोनदा पूर्ण चार्ज का होत नाही?

कारण दहा हजार हा आकडा आतल्या सेलचा आहे, आणि सेल असतो ३.७ व्होल्टचा. बाहेर यूएसबीतून किमान ५ व्होल्ट द्यावे लागतात. ऊर्जा मोजायची तर ३७ वॉट-अवर. ती ५ व्होल्टवर काढली की ७,४०० एमएएच उरतात. त्यातलं थोडं व्होल्टेज चढवताना उष्णता होऊन जातं, थोडं फोन स्वतः चार्ज होताना खातो. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ लिहिलेली असते, तो आकडा खरा धरा. खोक्यावर ठळक छापलेला जाहिरातीचा, पाठीवर बारीक छापलेला इंजिनिअरचा. हा नियम मी बऱ्याच वस्तूंना लावतो आणि सहसा फसत नाही.

विमानात नेताना वॉट-अवरच बघतात. शंभरपर्यंत चालतं, म्हणजे वीस हजारवाली, ७४ वॉट-अवरची, नेता येते. पण हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात नाही.

रात्रभर चार्जिंगला लावला तर बॅटरी फुगते का हो काका?

नुसता लावल्याने नाही. भरल्यावर फोन स्वतःच घेणं थांबवतो. लिथियम-आयन बॅटरीचं वैर आहे उष्णतेशी, आणि थोडं टोकाच्या भरलेपणाशी. सेल भरत आला की ४.२ व्होल्टच्या आसपास जातो आणि त्या ताणाखाली तासन् तास राहणं त्याला मानवत नाही. शेवटचे वीस टक्के सावकाश भरतात तेही म्हणूनच : आधी करंट कायम ठेवून भरतात, नंतर व्होल्टेज कायम ठेवून करंट कमी करत नेतात. एसटीत शेवटच्या सीटांवर माणसं बसवायला वेळ लागतो, तसं.

उशीखाली चार्जिंग, उन्हात डॅशबोर्डवर नकाशा आणि चार्जिंग दोन्ही चालू, हे मात्र टाळा. आणि ‘आधी पूर्ण उतरव, मग भर’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियम-आयन बाजारात आली १९९१ साली. तो सल्ला अजून फिरतोय.

सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर वापरा. मी वापरत नाही. मला बाहेरगावी जाताना ते वीस टक्के लागतात.

मायक्रोवेव्ह ओव्हन चालू केला की वायफाय अडकतं. म्हणजे किरणं बाहेर येतात ना? कॅन्सर?

पहिल्याचं उत्तर ‘हो, जराशी’, दुसऱ्याचं ‘नाही’. ओव्हन चालतो २.४५ गिगाहर्ट्झला, जुनं वायफाय २.४ला. एकाच गल्लीतली दोन घरं. ओव्हन आठशे वॉटचा, राउटर साधारण वॉटच्या दहाव्या हिश्शाचा. दाराच्या फटीतून नगण्य गळती झाली तरी राउटरचं कुजबुजणं त्यात बुडून जातं. राउटरला पाच गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर तो लावा, प्रश्न मिटला.

दारातल्या जाळीतून आतली खिचडी दिसते, मग लहरी का निसटत नाहीत? त्यांची लांबी बारा सेंटिमीटरच्या आसपास, जाळीची भोकं मिलिमीटरची. प्रकाशाची लहर त्याहून कितीतरी बारीक, म्हणून तो सुटतो. राहिला कॅन्सर. या लहरींच्या एका कणात अणूतून इलेक्ट्रॉन उपटायची ताकद नसते. एक्स-रेला ती असते. या लहरी गरम करतात, बस.

रेडिओ गोंगाटाची खरी धास्ती कुणाला असते ते बघायचं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जा. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, काही जवळजवळ, बाकीच्या २५ किलोमीटरपर्यंत वाय आकारात पसरलेल्या. दूरच्या दीर्घिकांमधून येणारा सिग्नल इतका क्षीण की खिशातला मोबाइलही तिथे ढोल वाजवल्यासारखा. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यात आजूबाजूच्या डोंगरांचा वाटा होता. शहरांचा गोंगाट ते अडवतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरतं. पोरांना न्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अँटेना वळताना बघत अर्धा तास तोंड उघडं ठेवून उभा होतो.

काहीही बिघडलं की तुम्ही ‘बंद करून चालू कर’ म्हणता. एवढंच येतं का तुम्हाला?

हा टोमणा वहिनीचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर.

यंत्र चालू असताना आत कचरा साठत जातो. एखादं ॲप मेमरी घेतं आणि परत करायला विसरतं, एखादी मोजणी थोडी थोडी घसरत जाते. बंद करून चालू केलं की पाटी कोरी. हे घरच्या टीव्हीचं झालं, पण क्षेपणास्त्रांचंही असंच असतं. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धाहरान. तिथली पॅट्रियट, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी यंत्रणा, शंभरेक तास सलग चालू होती. आतलं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. आता एक दशांश हा आकडा दोनच्या पद्धतीत पूर्ण लिहिताच येत नाही. आपण एक तृतीयांश लिहायला गेलो की ०.३३३ करत कुठेतरी थांबतो, तसंच. प्रत्येक वेळी चिमूटभर चूक. शंभर तासांत ती साठून सेकंदाच्या एक तृतीयांशाइतकी झाली. तेवढ्या वेळात इराकने सोडलेलं स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटर पुढे सरकतं. यंत्रणेने त्याला चुकीच्या जागी शोधलं, ते सापडलं नाही आणि छावणीतले २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. ‘फार वेळ सलग चालवू नका’ अशी सूचना आधी गेली होती. ‘फार वेळ’ म्हणजे किती तास ते कुणी लिहिलं नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर पोचलं दुसऱ्या दिवशी.

दुसरं उदाहरण सुदैवाने प्रयोगशाळेतच सापडलं. २०१५ साली अमेरिकेच्या विमान नियामकाने आदेश काढला की बोइंग ७८७ची वीज अधूनमधून पूर्ण बंद करून चालू करा. सलग २४८ दिवस चालू ठेवली तर जनरेटर सांभाळणारे चारही संगणक एकदम थांबू शकतात. हे २४८ कुठून आले? बत्तीस बिटांच्या खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या, एक बिट चिन्हासाठी सोडला तर, २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. सेकंदाचे शंभरावे भाग मोजत बसा, बरोबर दोनशे अठ्ठेचाळीस दिवस आणि काही तासांत खण भरतो. विंडोज ९५ही असंच ४९.७ दिवसांनी लटकायचं, तिथे मिलिसेकंद मोजले जात. पण ते इतके दिवस सलग चालायचं कुठे, म्हणून फारसं कुणाला कळलं नाही.

तर वहिनी, एवढंच येतं असं नाही. पण एवढं पुष्कळदा पुरतं.

२०३८ साली सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असा मेसेज आलाय.

मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त चिडचिड होते. आकडा वरच्या बोइंगचाच आहे. बऱ्याच संगणकांचं घड्याळ १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून गेलेले सेकंद मोजतं. ते बत्तीस बिटांच्या खणात ठेवले असतील तर खण भरेल १९ जानेवारी २०३८ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. मंगळवार आहे. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि तारीख थेट डिसेंबर १९०१ दाखवू लागते.

तुमचा फोन, लॅपटॉप यांची काळजी नको, ते चौसष्ट बिटांवर गेलेत. त्या खणात कोट्यवधी वर्षं मावतात. काळजी आहे ती कुणाच्या लक्षात नसलेल्या डब्यांची : पंपघरातला कंट्रोलर, लिफ्टचं पॅनेल, कुठल्याशा मशीनमध्ये वीस वर्षांपूर्वी बसवलेली सर्किटची पाटी. माझं काम त्यांच्यातच असतं. आमच्याकडे असे किती डबे आहेत याची यादी मी करायला घेतली आहे. साहेबांनी विचारलं, आत्तापासून? म्हटलं, वाय टू के, म्हणजे साल २००० लागताच दोन आकडी सालांमुळे कॉम्प्युटर अडखळतील ही भीती, त्यात काही झालं नाही असं लोक म्हणतात, कारण तेव्हा हजारो माणसांनी आधी बसून दुरुस्त्या केल्या होत्या. त्यात आपल्याकडची पोरंही होती. कितीजणांचं पहिलं अमेरिकेचं तिकीट त्यातूनच निघालं.

दीड टनाचा एसी म्हणजे वजन दीड टन?

हसू नका, हा प्रश्न चांगला आहे. पूर्वी गारव्यासाठी बर्फाच्या लाद्या लागत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खेचणारा एसी एक टनाचा. टन अमेरिकी, म्हणजे ९०७ किलोचा. हिशोबाने साडेतीन किलोवॉट. बर्फवाले गेले, शब्द राहिला.

आणि १८वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. तो आकडा ‘कुठे थांबायचं’ एवढंच सांगतो. २०२०पासून इथे विकले जाणारे स्टार-लेबलचे एसी मुळातच २४वर सुरू होतात. तिथेच ठेवा, पंखा सोबत लावा.

मराठी टाइप करताना ‘दऱ्या’ लिहायला गेलं की ‘दर्या’ होतं. काय करू?

माझा सर्वांत आवडता प्रश्न. फार कमी लोक विचारतात. बाकीचे खुशाल ‘दर्याखोर्‍यात’ समुद्र ओततात. ‘आचाऱ्यांना पाचशे रुपये दिले’ आणि ‘आचार्यांना पाचशे रुपये दिले’ यांत केवढा फरक! एकात स्वयंपाक झालाय, दुसऱ्यात दक्षिणा.

इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी एकसारखी मांडणी असलेल्या कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबा, की ऱ येतो. मग डीने पाय मोडा, मग य. झालं. इन्स्क्रिप्ट शिका असं मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे मान डोलावून पुन्हा इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहू लागतात. त्यात स्वर डाव्या हाताला आहेत, व्यंजनं उजव्या. आठ-दहा दिवस बोटं दुखतात. मग तोच ‘क’ त्याच जागी बंगाली, कन्नड, गुजरातीतही सापडतो.

यातली गोम अशी की तोच चंद्राकार र दुसऱ्या मार्गानेही निघतो : साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही ‘ऱ्या’ जुळी भावंडं, कॉम्प्युटरच्या लेखी परकी. एका पद्धतीने लिहिलेल्या फाइलमध्ये दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर ‘सापडलं नाही’. (वर ‘दर्याखोर्‍यात’ लिहिताना मी हीच दुसरी पद्धत वापरली आहे, शोधून बघा.) ‘ॲ’चंही तेच. तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, आला २००८ साली. तोवर सगळे अ आणि वरचा चंद्र वेगवेगळे टाकत होते, कित्येक अजून टाकतात. मतदार याद्या, बँकेची नावं, पुस्तकांच्या सूची यांत अशा जुळ्यांनी काय गोंधळ होत असेल याची कल्पना करा.

जाता जाता : ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात अक्षरं किती? पहिलीतला मुलगा सांगेल चार. युनिकोड सांगेल दहा : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. बॅकस्पेस दाबल्यावर आख्खं अक्षर जायच्या ऐवजी आधी मात्रा गळते, ती यामुळे. साध्या एसेमेसमध्ये इंग्रजीला १६० जागा आणि मराठीला ७०, आणि त्या सत्तरांतही हलन्त जागा अडवतात. जोडाक्षरं लिहिणाऱ्याने पैसे जास्त मोजायचे.

आणि आजोबांचं आत्मचरित्र उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते ती फाइल बिघडलेली नाही. ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, ज्यात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असे. तो फॉन्ट मिळवा, किंवा कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, आणि मग बसून एकदा तपासा. रफार हमखास चुकतात.

क्यूआरचा कागद फाटला तरी पैसे कसे जातात?

त्या चौकटीत माहिती थोडी पुन्हा पुन्हा गुंफलेली असते. सर्वांत कडक प्रकारात तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी वाचता येतं, म्हणून मधोमध बोधचिन्ह छापायची चैन परवडते. जपानमध्ये १९९४ साली मोटारींचे सुटे भाग मोजायला निघालेली ही गोष्ट आज मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर टेकवलेली असते.

स्कॅन केल्यावर नाव वाचा. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. मावशी, हे तुमच्यासाठी ठळक केलंय.

एआय खरंच हुशार आहे की नुसता बोलका?

तो पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधत जातो, आणि अंदाज बांधण्यात भयंकर तरबेज आहे. सोसायटीचं पत्र, रजेचा अर्ज, एक्सेलचं सूत्र यासाठी मी रोज वापरतो. अडचण अशी की माहीत असलेलं आणि नसलेलं तो सारख्याच सुरात सांगतो. लग्नघरात एक भावजी असतात बघा, कुठलाही रस्ता विचारा, ठामपणे सांगणार. रस्ता बरोबर निघाला तर ठीक. म्हणून औषधाचा डोस आणि एसटीची वेळ त्याला विचारून थांबू नका, दुसरीकडे ताडून बघा.

फोन पाण्यात पडला. तांदळात ठेवू?

तांदूळ भातासाठी ठेवा. फोन बंद करा, पुसा, पंख्याखाली उभा ठेवा, चार्जर लावू नका. समुद्रात पडला असेल तर वाट न बघता दुरुस्तीवाल्याकडे न्या, मीठ थांबत नाही.

जुना लॅपटॉप फेकू का? विंडोज ११ घेत नाही म्हणे.

फेकू नका, मला द्या. खरं सांगायचं तर विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि अकराला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, जी जुन्यांत नसते. म्हणून चांगली चालती मशीन भंगारात जाताहेत, याचा मला राग आहे. फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, रॅम आठ जीबी करा, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम चढवा. सासऱ्यांचा बारा वर्षांचा लॅपटॉप असाच चाललाय. ते त्यावर पत्ते खेळतात आणि पेपर वाचतात. आपण लिनक्स वापरतो हे त्यांना माहीतच नाही.

पासवर्ड वहीत लिहिणं चूक आहे ना?

माझं मत : घरच्या घरी अजिबात चूक नाही. दूर देशात बसलेल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वेगवेगळे, लांबलचक आणि वहीत लिहिलेले कितीतरी बरे. फक्त वहीवर ‘पासवर्ड’ असं लिहू नका. आईने ही सूचना इतकी मनावर घेतली की दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानांवर, लिटर आणि पैशांच्या रकान्यांत ते बेमालूम लिहून ठेवले. चोराला सापडणार नाहीत हे नक्की. गेल्या दिवाळीत तिचं वीजबिल भरायला मी दीड तास ती वही चाळत होतो, शेवटी दूधवाल्याला विचारलं की १२ मार्चला साडेसात लिटर दूध घेतलं होतं का.